धामणीच्या वाट्याला आलेल्या गोष्टी

गुहागरजवळ आमच्या आजोळच्या गोठ्यात एक धामण असायची. संध्याकाळी धारेला गेलेल्या मामीला ती वैरणीआड सरकताना दिसे. कपिलेनं पान्हा चोरला की निकाल ठरलेला, "मेली धामण पिऊन गेली!" धामण गाईच्या मागच्या पायांना वेढा घालते, गाय जागची हलू शकत नाही, मग ती निवांत सड तोंडात धरते, हे मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. पुढं हीच गोष्ट मला नगरकडे भेटली, विदर्भात भेटली. कुठं गाईची म्हैस झाली एवढंच. तेव्हापासून घराभोवतीच्या प्राण्यांबद्दल लोक जे जे सांगतात ते मी वहीत उतरवून ठेवतो. आता तिसरी वही भरत आली आहे.

वहीत पुष्कळ आहे. आभाळ कोसळलं तर पेलायला टिटवी पाय वर करून झोपते. घुबडाला ढेकूळ मारलं तर ते घुबड ढेकूळ पाण्यात टाकतं आणि ते विरघळेल तसा मारणारा झिजत जातो. मांडूळ सहा महिने एका तोंडानं चालतं, सहा महिने दुसऱ्या. त्याचं दुसरं तोंड म्हणजे नुसती बोथट शेपटी. पण गुप्तधन शोधून देतं या समजुतीपायी या गरीब सापाची आजही तस्करी होते. हे सगळं कधीतरी सविस्तर लिहीन. माझा जीव धामणीत अडकला आहे.

आधी दुधाचं. धामणीचे दात सुईसारखे बारीक आणि घशाकडे वळलेले असतात. धरलेला उंदीर निसटू नये म्हणून. असे दात सडात रुतले तर गाय लाथा झाडून गोठा डोक्यावर घेईल. शिवाय चोखायला लागतात तसे मऊ ओठ आणि गाल सापाला नसतातच. मग धामण गोठ्यात येते कशाला? पेंडीवर उंदीर येतात, उंदरांमागे ती येते. नागपंचमीला दूध पिणारे साप दिसत, तेही आधी कित्येक दिवस तहानेलेले ठेवलेले असत.

दुसरी गोष्ट शेपटीची. धामण माणसाच्या नाकात शेपूट घालून जीव घेते म्हणतात. कात्रजच्या सर्पोद्यानात मी वर्षानुवर्षं जातो. १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काढणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांनी ते उभारलं. तिथल्या चकरांनी सापाकडे नीट बघायची सवय लागली, म्हणून पुढे एका सर्पमित्रानं धामण उचलली तेव्हा मी जवळच उभा राहिलो. मानेशी धरल्याबरोबर तिनं त्याच्या मनगटाला विळखे घातले. शेपटीचं लवलवतं टोक चाबकासारखं फिरलं आणि खरोखरच त्याच्या गालावर बसलं. बिचारी आधार शोधत होती. त्या क्षणी मला गोष्टीचा उगम सापडला. कुणा पूर्वजाच्या तोंडावर असाच फटका बसला असणार.

तिसरी, आणि माझी सर्वांत लाडकी: धामण ही नागाची मादी. दोघं एकाच बांधावर, एकाच उंदरांसाठी हिंडतात, त्यातून हे नातं जुळलं असावं. वस्तुस्थिती अशी की नागाला नागीण असते, धामणीतही नर असतो आणि नागानं धामण गिळल्याच्या नोंदी आहेत!

मुळशीच्या वाटेवर एका जूनमध्ये मी दोन धामणी एकमेकींना पीळ घालून हात-दीड हात उभ्या राहिलेल्या पाहिल्या. पाऊस नुकताच थांबला होता. पिवळसर तपकिरी अंगं ओली चमकत होती. वरच्यानं खालच्याचं डोकं जमिनीला टेकवलं की खालचा पुन्हा उसळून वर येई. चावणं नाही, रक्त नाही. एका आजोबांनी लगबगीनं उपरणं सोडलं. अशा जोडीवर टाकलेलं वस्त्र घरात ठेवलं की लक्ष्मी येते ना! मी त्यांना सांगितलं, "आजोबा, हे दोघंही नर आहेत, कुस्ती चालली आहे." ते म्हणाले, "असू दे, कुस्तीलाही बक्षीस असतंच की!" आणि उपरणं टाकलंच. पैलवान दोन दिशांना पळाले.

धामण सोडून एकच गोष्ट सांगतो, कारण तिलाही साप चिकटवलेला आहे. रात्री अंगणात आंबेमोहोर शिजल्याचा वास आला की कोकणात म्हणतात, जवळ साप आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तोच वास आणि माळ्यावरची पावलं मिळून भूत झालं होतं. आम्ही दोन रात्री जागलो. दुसऱ्या रात्री कौलांवरून उतरलं ते उदमांजर, कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात ते. पपई खाऊन गच्चीत बियांची विष्ठा टाकणारं, लाजाळू. त्याच्या ग्रंथींतल्या स्रावाला सुवासिक भातासारखा वास येतो. बासमतीला गंध देणारं रसायन वाघाच्या फवाऱ्यातही असल्याचं कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींनी दाखवलं होतं. वाड्यातल्या आजींना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. भुतापेक्षा वाघाचा नातलग बरा, असं त्यांचं मत पडलं.

या गोष्टी मरू नयेत असं मला मनापासून वाटतं. त्या सांगा, नातवंडांना रंगवून सांगा. फक्त शेवटी धामण मारू नका. तिला विष नसतं. मोठे गोल डोळे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा आणि फणा नाही, एवढं लक्षात ठेवलं तर ओळख पटेल. खात्री नसेल तर लांब उभे राहा, सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आजोळच्या गोठ्यातली धामण पुढं कुणीतरी काठीनं मारली. त्या पावसाळ्यात उंदरांनी भाताची दोन पोती फस्त केली, आणि कपिला पान्हा चोरतच राहिली.