इंधन-टाकीचे बाष्पनिर्गमन, खडतर मार्गावरील वाहनांतील
मोटारगाडीच्या टाकीतील पेट्रोलची बाष्पे सुरक्षितपणे बाहेर जाऊ देणे आणि खर्च झालेल्या इंधनाच्या जागी हवा आत घेणे, या दुहेरी क्रियेला टाकीचे बाष्पनिर्गमन किंवा श्वसन म्हणतात. डोंगराळ, वाळवंटी वा पाणथळ प्रदेशांत चालविण्यासाठी जीपसारख्या वाहनात मोठी किंवा जादा टाकी बसवितात, तेव्हा मूळची श्वसनव्यवस्था बहुधा अपुरी पडते व ती नव्याने योजावी लागते. या कामातील चुकीने वाहन पेटण्याचा संभव असतो.

आवश्यकता : टाकी पूर्णपणे बंद ठेवता येत नाही. पंप इंधन ओढून घेतो तसतसा टाकीतील दाब कमी होतो. आतील व बाहेरील दाबांत दर चौ. सेंमी.ला केवळ ०·१ किग्रॅ. फरक पडला, तरी ६० × ४० सेंमी. मापाच्या बाजूवर सु. २४० किग्रॅ. भार येतो. त्यामुळे पातळ पत्र्याची टाकी आत चेपते किंवा इंधनाचा पुरवठा तुटून एंजिन बंद पडते. याउलट, तापमान वाढल्यास पेट्रोल दर अंश से.ला सु. ०·१ टक्का प्रसरण पावते. ६० लि. पेट्रोल ३०° से.ने तापले, तर त्याचे घनफळ सु. १·८ लि. वाढते, म्हणून टाकी काठोकाठ भरीत नाहीत. उंच प्रदेशात बाष्पीभवन अधिक जोमाने होते, कारण ५,००० मी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो.

धोक्याचे स्वरूप : पेट्रोलची बाष्पे हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती खाली उतरून खळग्यात, वाहनाच्या तळाशी किंवा बंद गॅरेजच्या फरशीवर साचतात. हवेतील त्यांचे प्रमाण घनफळाने सु. १·४ ते ७·६ टक्के असताना मिश्रण पेटू शकते. सामान्य तापमानास टाकीतील मिश्रण या मर्यादेहून दाट असते व त्यामुळे ते सहसा पेट घेत नाही. परंतु नळीच्या तोंडातून बाहेर पडलेली बाष्पे हवेत मिसळून विरळ होत असताना ज्वालाग्राही प्रमाणातून जातातच. म्हणून नळीचे तोंड कोठे आहे, यास सर्वांत अधिक महत्त्व आहे. रिकाम्या टाकीत राहिलेल्या थोड्या बाष्पांचे हवेशी असेच मिश्रण होते. त्यामुळे रिकामी टाकी पूर्णपणे शुद्ध केल्याशिवाय तिला जोडकाम करणे प्राणघातक ठरते. शिवाय बाष्पांतील बेंझीन कर्कजनक असल्याने ती प्रवाशांच्या कक्षात शिरता कामा नयेत.

रचना : श्वसननळी टाकीच्या सर्वांत उंच भागातून काढून इंधन भरण्याच्या तोंडाहूनही वर नेतात. वाहन चढावर किंवा एका अंगावर कलले असता टाकीचा उंच कोपरा बदलतो. म्हणून मोठ्या टाकीला अनेक ठिकाणी नळ्या जोडून त्या वर एकत्र आणतात. नळीत कोठेही झोळ राहू देत नाहीत, कारण तेथे साचलेले पेट्रोल हवेचा मार्ग अडविते. नळीसाठी पेट्रोलने न फुगणारे कृत्रिम रबर किंवा धातू वापरतात. वाहन उलटल्यास द्रव इंधन बाहेर सांडू नये म्हणून नळीत उलट-निरोधक झडप बसवितात. वाहन ठराविक कोनापलीकडे कलताच तिच्यातील गोळी किंवा तरंगता भाग छिद्र बंद करतो. नळीचे बाह्य तोंड निष्कास नळी, ब्रेक व विद्युत् जोडण्या यांपासून दूर, मोकळ्या हवेत आणि ओलांडावयाच्या पाण्याच्या पातळीहून उंच ठेवतात. १९५० च्या सुमारास अमेरिकी सैन्यात आलेल्या एम-३८ जीपमध्ये खोल पाण्यातून जाता यावे म्हणून टाकी व इतर यंत्रभागांच्या श्वसननळ्यांची अशीच खास सोय केलेली होती.

बाष्पे हवेत सोडण्याऐवजी साठविणे अधिक श्रेयस्कर असते. कॅलिफोर्नियात १९७० च्या व सर्व अमेरिकेत १९७१ च्या मोटारगाड्यांपासून बाष्पनियंत्रण सक्तीचे झाले. यासाठी सक्रियित कार्बनाचा डबा वापरतात. कार्बनाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागांवर बाष्पे धरली जातात व एंजिन चालू असताना ताज्या हवेबरोबर ओढली जाऊन त्यात जळतात. डब्यात द्रव पेट्रोल शिरल्यास कार्बन निकामी होतो. त्यामुळे बदल केलेल्या वाहनात डब्यापूर्वी द्रव वेगळा करणारी कुपी बसवितात.

निगा : धूळ, चिखल व कीटक यांमुळे नळीच्या तोंडावरील गाळणी बुजते. टोपण उघडताना हवा जोराने आत शिरल्याचा आवाज येणे, हे नळी तुंबल्याचे लक्षण होय. अशा वेळी टोपणाला भोक पाडण्याचा उपाय करतात, पण तो घातक आहे. वाहन उलटताच त्याच भोकातून पेट्रोल गळते. डीझेल पुष्कळ कमी बाष्पनशील असल्याने त्याच्या टाकीत बाष्पांचा धोका कमी असतो. तथापि हवा आत घेण्याची व गळती रोखण्याची आवश्यकता तेथेही तितकीच असते.