सातबारा नसला तरी धिंगरी पिकते

शेतीचा सल्ला म्हटला की आपल्या वस्तीतला भूमिहीन माणूस मागे सरतो. “आमच्या नावावर सातबारा कुठे आहे?” असे म्हणतो.

परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. नांदेड आणि लातूर त्याच्याच कार्यक्षेत्रात येतात. हळद्या रोगाला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी याच विद्यापीठाची. पण भेंडीला रान लागते. धिंगरी अळिंबीला सावलीची एक खोली पुरते.

आपल्याकडे सोयाबीनचे काड मुबलक. ते रात्रभर भिजवावे, कढत पाण्यात तासभर ठेवून निथळावे आणि भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर देत अळिंबीचे बियाणे पेरावे. पंधरा-वीस दिवसांत पांढरी बुरशी पसरते. मग पिशवी कापून पाणी शिंपडावे. आठवडाभरात पहिली तोडणी येते. मराठवाड्याचा कडक उन्हाळा मात्र तिला मानवत नाही.

ताजी अळिंबी फार टिकत नाही. म्हणून गिऱ्हाईक आधी पाहावे, उरलेली उन्हात वाळवावी.

भगिनींनो, बचत गटाने मिळून कृषी विज्ञान केंद्राकडे प्रशिक्षण मागा. विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते. त्याच्या ज्ञानावर भूमिहीनाचाही तितकाच हक्क आहे.