तेरा हप्त्यांची गोष्ट

रमजान महिन्यात पाकिस्तानातील दूरचित्रवाणी वाहिन्यांचे वेळापत्रक बदलते. एरवी आठवड्यातून एकदोनदा लागणाऱ्या रडक्या मालिकांच्या जोडीला रोज एक हलकीफुलकी कौटुंबिक मालिका येते. रोजा सोडून निवांत झालेले घर ती एकत्र बसून पाहते. 2018 मधील ‘सुनो चंदा’ने हा प्रकार विशेष लोकप्रिय केला. आजोबांच्या इच्छेखातर निकाह लागलेली, पण रुख्सती म्हणजे पाठवणी व्हायची बाकी असलेली चुलत भावंडे आणि त्यांची रोजची भांडणे, एवढीच ती गोष्ट. तरी लोकांना ती आवडली, कारण ती कुठे संपणार हे लेखिकेला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. महिना सरला, ईद आली की गोष्ट पूर्ण व्हायलाच हवी.

उरलेल्या अकरा महिन्यांत नेमके हेच हरवले आहे. पाकिस्तानी नाटकाचा (तिथे मालिकेला ‘ड्रामा’च म्हणतात) दर्जा घसरला, अशी तक्रार तिथले जुने प्रेक्षक सतत करतात. दोष कधी नट-नट्यांना दिला जातो, कधी भारतीय सासू-सुनांच्या मालिकांना. मूळ दुखणे मात्र कथेच्या लांबीत आहे.

लाहोरमध्ये 1964 साली पाकिस्तान टेलिव्हिजन सुरू झाले. तिथे तिमाहीचा हिशेब असे. तीन महिने म्हणजे तेरा आठवडे, म्हणून मालिकेचे साधारण तेरा भाग. लिहायला साहित्यातली माणसे होती. अशफाक अहमद आणि बानो कुदसिया हे कथाकार दांपत्य, कवी आणि उर्दूचे प्राध्यापक अमजद इस्लाम अमजद, हसीना मोईन. अमजद यांच्या ‘वारिस’मध्ये धरणाच्या सावटाखाली आलेला एक जमीनदार आपली सत्ता सोडायला तयार होत नाही. सरंजामशाहीवरचे ते भाष्य तेरा भागांत पुरे झाले. हसीना मोईन यांच्या ‘तनहाइयाँ’मध्ये आईवडील अपघातात गेल्यावर दोन बहिणींचे घर जाते. थोरली जारा ते परत मिळवण्याच्या ध्यासाने कष्ट करत राहते आणि त्या ध्यासापायी जवळची माणसे दुरावू लागतात. हेही तेरा भागांतच. एक प्रश्न मांडायचा, तो वाढवायचा, त्याचा शेवट करायचा. फापटपसाऱ्याला जागाच नव्हती.

तो काळ सुवर्णयुग होता, असे डोळे मिटून म्हणणेही बरोबर नाही. वाहिनी एकच आणि तीही सरकारी. जनरल झिया यांच्या राजवटीत पडद्यावरील स्त्रीने डोक्यावर पदर घ्यावा, असा दंडक होता. पण त्याच काळात हसीना मोईन यांच्या नायिका नोकरी करत होत्या, हसत होत्या, पुरुषाला उलट उत्तर देत होत्या. ‘धूप किनारे’तील डॉक्टर जोया आजही लोकांच्या लक्षात आहे. या मालिकांच्या व्हिडिओ कॅसेट भारतातही हातोहात फिरल्या. राज कपूर यांच्या ‘हिना’चे संवाद लिहिण्याचे काम हसीना मोईन यांच्याकडे आले, त्यामागे हीच पुण्याई होती.

2002 नंतर खासगी वाहिन्यांचा सुकाळ झाला. सुरुवातीला त्यातून चांगलेही निघाले. फरहत इश्तियाक यांची ‘हमसफर’ 23 भागांची होती. 2014 मध्ये ‘जिंदगी’ वाहिनीमुळे अशा मालिका भारतातील घराघरांत पोहोचल्या. त्यांचे कौतुक करताना लोक एकच गोष्ट सांगत : त्या वेळेवर संपतात. 2016 मध्ये त्यांचे प्रक्षेपण थांबले.

पुढे गणित बदलले. जितके भाग जास्त तितक्या जाहिराती जास्त, आणि तोच भाग यूट्यूबवर टाकला की तिथली कमाई वेगळी. उर्दूत मालिकेच्या भागाला ‘किस्त’ म्हणतात आणि कर्जाच्या हप्त्यालाही ‘किस्त’च म्हणतात. आता कथा खरोखरच हप्त्या-हप्त्याने वसूल केली जाते. वीस भागांचा जीव असलेली गोष्ट ताणायची तर गैरसमज हवेत, चोरून ऐकलेले अर्धवट बोलणे हवे, थप्पड हवी, प्रत्येक चेहऱ्यावर संगीतासह थांबणारा कॅमेरा हवा. मराठी प्रेक्षकालाही हे ‘पाणी घालणे’ चांगलेच परिचयाचे आहे.

यात नुकसान केवळ करमणुकीचे होत नाही. कथा लांबवायची म्हणून नायिकेला सोसत ठेवावे लागते आणि नवऱ्याच्या संतापाला प्रेमाचे नाव द्यावे लागते. 58 भाग चाललेल्या ‘तेरे बिन’मध्ये 2023 साली पतीने पत्नीवर बळजबरी केल्याचे सूचित झाले, तेव्हा प्रेक्षक खवळले. नंतरच्या भागात तसे काही घडलेच नव्हते, असा खुलासा आला. इतक्या गंभीर गोष्टीबाबत जी कथा आठवड्याभरात शब्द फिरवते, तिला स्वतःचे काही सांगायचे नसते. याउलट बालकांच्या लैंगिक शोषणावर निर्भीडपणे बोलणाऱ्या ‘उडारी’ला 2016 मध्ये नियामक संस्थेची नोटीस आली होती. तरीही मालिका पूर्ण झाली आणि तिने अनेक घरांत या विषयावर बोलणे सुरू केले.

म्हणजे लिहिणारे संपलेले नाहीत. ‘हमसफर’च्याच लेखिकेची ‘कभी मैं कभी तुम’ 2024 मध्ये गाजली, ती बेताच्या मिळकतीत संसार थाटणाऱ्या एका जोडप्याच्या साध्या गोष्टीमुळे. प्रेक्षकही तयार आहेत. रोज ठरल्या वेळी टीव्हीसमोर बसून, ईदपर्यंत संपणाऱ्या गोष्टीला ते दरवर्षी दाद देतात. गोष्ट कधी संपवायची, हा निर्णय जाहिरात विभागाकडून काढून पुन्हा लेखकाच्या हाती द्यायला हवा. मग ती तेरा भागांची असो की तिसांची, प्रेक्षक शेवटपर्यंत थांबेल.