तळहातावरचा अकल्पित पाहुणा

आपला तळहात आडवा धरा आणि एक सेकंद मोजा. तेवढ्या वेळात साधारण एक म्यूऑन तुमच्या हातातून आरपार निघून गेला! घराचे छप्परही त्याला अडवीत नाही. हा म्यूऑन येतो कोठून?

अवकाशातून पृथ्वीवर अतिवेगवान कणांचा सतत मारा होत असतो. हेच विश्वकिरण. त्यांत बहुतेक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे असतात. १९१२ मध्ये ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस फुग्यातून ५ किलोमीटरांहून अधिक उंच गेले. तेथे हवेचे आयनीभवन जमिनीवरच्यापेक्षा पुष्कळच जास्त आढळले. त्यावरून हे प्रारण वरूनच येते, हे समजले.

हे प्रोटॉन सहसा जमिनीपर्यंत पोचत नाहीत. हवेतील नायट्रोजन किंवा ऑक्सिजन यांच्या अणुकेंद्रांवर आदळून ते नवे कण निर्माण करतात. त्यांपैकी विद्युत् भार असलेले पायॉन क्षणार्धात नाहीसे होतात आणि त्यांच्यापासून म्यूऑन जन्माला येतात. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, पण सुमारे २०७ पट जड. त्याचा जन्म होतो साधारण १५ किलोमीटर उंचीवर.

येथेच कोडे आहे. म्यूऑनचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे २.२ दशलक्षांश. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावला, तरी तेवढ्यात तो ६६० मीटरच जाईल. १५ किलोमीटर यायला तर ५० मायक्रोसेकंद लागतात! या हिशेबाने हजार कोटी म्यूऑनांतला जेमतेम एखादा खाली पोचावा. मग तुमच्या हातावर दर सेकंदाला एक कसा येतो?

उत्तर आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांतात आहे. वेगाने धावणारे घड्याळ आपल्याला हळू चालताना दिसते. म्यूऑनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९७ टक्के असेल, तर त्याचे आयुष्य आपल्या घड्याळाने सुमारे ४० पट, म्हणजे ८८ मायक्रोसेकंद भरते. त्यामुळे वाटेत हवेत थोडी ऊर्जा गमावूनही पुष्कळसे म्यूऑन जमीन गाठतात.

अशा अल्पायुषी कणांवरून हा सिद्धांत पडताळता येईल, असे होमी भाभा यांनी १९३८ मध्येच सुचवले होते. १९४० मध्ये ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेतील कोलोराडो राज्यात दोन वेगवेगळ्या उंचींवर म्यूऑन मोजले. जास्त ऊर्जेचे म्यूऑन खरोखरच जास्त काळ टिकतात, असे त्यांना दिसून आले.

आता वर्गात एक प्रश्न विचारा. म्यूऑनच्या स्वतःच्या घड्याळाने त्याचे आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच असते. मग त्याच्या दृष्टीने तो खाली कसा पोचतो? १५ किलोमीटरला ४० ने भागा. उत्तर ३७५ मीटर येईल. धावणाऱ्या म्यूऑनच्या दृष्टीने त्याच्यात आणि जमिनीत अंतर असते तेवढेच!