शटर : बोलण्यातले आणि कागदावरचे

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शटर हा शब्द दिवसातून किती वेळा कानावर पडतो याची मोजदाद नाही. 'शटर वर घे', 'अर्धे शटर ओढ, जुम्याला जाऊन येतो', 'दोन शटरचा गाळा पाहिजे', 'त्यांचे तर शटर पडले'. पहिल्या दोन वाक्यांत लोखंडी पत्रा आहे, तिसऱ्यात जागेचे माप आणि चौथ्यात बुडालेला धंदा. बोलताना कोणाचा घोटाळा होत नाही. तो होतो हाच शब्द भाडेकरारात, कोटेशनमध्ये किंवा विम्याच्या कागदात गेला म्हणजे.

शब्द इंग्रजी. 'शट' म्हणजे बंद करणे, शटर म्हणजे बंद करणारे. विलायतेत खिडकीच्या झडपांना हे नाव होते. भुसार व्यापार नाना पेठ, भवानी पेठेत होता त्या काळी जुन्या दुकानांना लाकडी फळ्या असत. रात्री एकेक फळी खाचेत बसवावी लागे. पुढे गुंडाळणारे पत्र्याचे दार आले आणि शटर म्हणजे तेच, असे होऊन बसले. कॅमेऱ्याचे शटर क्षणभर उघडून प्रकाश आत घेते. स्लॅबखालच्या साच्याला शटरिंग म्हणतात. त्याचा आपल्या दाराशी संबंध नाही, म्हणून कोटेशनवर 'शटर काम' एवढेच लिहू नये, 'रोलिंग शटर' असे पुरते लिहावे.

आता मापाचे. शटरची रुंदी ठरलेली नसते. कोणाचे आठ फुटांचे, कोणाचे बारा. शिवाय शटरवरून गाळ्याची खोली कळत नाही. तेव्हा 'दोन शटरचा गाळा' यावर अनामत देऊ नये. करारात चौरस फूट लिहावेत, पोटमाळा आणि पुढचा ओटा त्यात धरला आहे का ते लिहावे, शटरची दुरुस्ती कोणाकडे तेही लिहावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरच्या 282व्या आयतीत आहे. तरीही आपल्या बांधवांत 'जबान दिली' यावर गाळे घेतले जातात, याचे आम्हाला नवल वाटते.

फॅब्रिकेशन करणाऱ्या कारागिरांसाठीही दोन शब्द. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 18 गेज सुमारे 1.2 मिलिमीटर, 20 गेज सुमारे 0.9. गिऱ्हाईक 20 म्हणजे जाड समजते. त्याला मिलिमीटरमध्ये सांगणे हीच सचोटी. शटर खाली येताना वरच्या पाइपातली स्प्रिंग पिळली जाते आणि वर नेताना तोच जोर हाताला मदत करतो. शटर जड झाले तर आधी स्प्रिंग पाहावी. मात्र ताण असलेली स्प्रिंग मालकाने स्वतः सोडू नये. ती सुटली तर हात मोडतो.

सर्वांत महाग पडतो तो 'बंद' या शब्दाचा घोळ. शटर ओढलेले असणे वेगळे आणि कुलूप लावलेले असणे वेगळे. घरफोडी विम्याच्या अनेक पॉलिसींत, बळजबरीने आत शिरून केलेली चोरी तेवढीच भरपाईस पात्र धरली जाते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सांगितले की पॉलिसीत अशी व्याख्या असेल तर बळाचा वापर झालेला असलाच पाहिजे. म्हणजे अर्धे शटर ओढून आपण नमाजला गेलो आणि गल्ल्यातली रोकड गेली, तर मोडतोडीची खूण काय दाखवणार? साधी चोरी पॉलिसीत धरली आहे का, ते विमा एजंटाला विचारून लेखी घ्यावे.

आणि शटर खरोखरच उचकटले गेले, तर लगेच मिस्त्रीला बोलावून ते सरळ करून घेऊ नये. आधी पोलिसांत तक्रार, विमा कंपनीला खबर आणि वाकलेल्या पट्ट्यांचे फोटो. पंचनामा होईपर्यंत तुटलेले कुलूप जिथे पडले तिथेच राहू द्यावे.