आधी चाला, मग नकाशा काढा

जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या आणि वडोदरा एक्स्प्रेसमधल्या अडकलेल्या प्रवाशांना एनडीआरएफने बाहेर काढलं. अशा वेळी बाहेर पडायचा रस्ता कुठला, हा प्रश्न संशोधनाला घेणार असाल तर लगेच क्यूजीआयएस उघडून बसू नका.

उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. मधली जमीन जवळपास सपाट. फुकट मिळणारा एसआरटीएमचा उंचीचा डेटा साधारण 30 मीटरच्या चौकटींचा, आणि दाट वस्तीत इमारतींची उंचीही त्यात मिसळलेली. त्याची चूक काही मीटरची. इथे रस्ता बुडणार की नाही, हे फूटभराच्या फरकावर ठरतं!

म्हणून आधी चालायचं. रिक्षावाल्यांना, दुकानदारांना विचारा: पाणी पहिलं कुठे साचतं, उतरायला किती वेळ लागतो? भिंतीवरची पाण्याची रेघ टेपने मोजा. प्रत्येक नोंदीसोबत भरतीची वेळ लिहाच. मोठ्या भरतीत नाल्यांचं पाणी खाडीत नीट उतरत नाही, त्यामुळे तेवढ्याच पावसात तोच रस्ता ओहोटीला मोकळा मिळू शकतो.

पश्चिमेकडून महामार्ग गाठायचा तर रूळ ओलांडावेच लागतात. उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग एकाच थरात टाकू नका, भुयारी मार्ग आधी भरतो.