बास्केटबॉलचा ‘सेंटर’ आणि भरतीचा प्रश्न

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बास्केटबॉलवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शालेय शिक्षण थोडके. पुढचे जे काही आहे ते वाचनालयात बसून मिळविलेले. पण भरती, वैद्यकीय तपासणी आणि दुखापत हे तीन विषय कारखान्याच्या दारात आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहेत. अमेरिकेतील पोर्टलँड शहराच्या ‘ट्रेल ब्लेझर्स’ या संघाची हकीकत वाचताना तेच तीन विषय पुन्हा भेटले, म्हणून हा प्रपंच.

प्रथम खेळ समजून घेऊ. एका संघाचे पाच खेळाडू मैदानात असतात आणि चेंडू टाकायची कडी जमिनीपासून दहा फूट उंच असते. कडीजवळ उभा राहून प्रतिपक्षाचे चेंडू अडवायचे, निसटलेले चेंडू झेलायचे, हे काम मुख्यतः ‘सेंटर’चे. तो बहुधा सात फुटांच्या आसपास उंच असतो. चेंडू टाकणे शिकविता येते. उंची शिकविता येत नाही. म्हणून हा माल नेहमीच दुर्मीळ.

आता भरतीची रीत पाहू. तेथे नवोदित खेळाडूंचा आयपीएलसारखा लिलाव होत नाही. १९४७ सालापासून ‘ड्राफ्ट’ नावाची पद्धत आहे. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात, आणि मागच्या हंगामात जे दुबळे ठरले त्यांची पाळी साधारणपणे आधी येते. श्रीमंत संघाने सगळे चांगले गडी उचलू नयेत, हा हेतू. पण दुसरी बाजूही आहे: नवख्या खेळाडूला आपला मालक निवडता येत नाही. तेथील खेळाडूंनी १९५४ साली आपली संघटना उभारली. पुढे तिचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० साली दावा दाखल झाला. १९७६ साली तडजोड होऊन त्यांच्या पायातील बेड्या बऱ्याच सैल झाल्या.

ड्राफ्टमध्ये संघाची मुख्य अडचण अशी की, पाळी आली तरी त्या वर्षीचे पीक हातात नसते. पोर्टलँडला १९७२ साली पहिली पाळी मिळाली. त्यांनी लारू मार्टिन हा सेंटर घेतला. चार हंगामांत तो खेळातून बाहेर पडला. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला बॉब मॅकअडू १९७५ साली साऱ्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९७४ साली पुन्हा पहिली पाळी आली आणि बिल वॉल्टन मिळाला. त्याच्या बळावर १९७७ साली संघ अजिंक्य झाला. पण १९७८ साली दुखऱ्या पायात वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो मैदानात उतरला, आणि मागाहून पायाचे हाड मोडल्याचे निघाले. पुढे तो पोर्टलँडकडून खेळलाच नाही.

सर्वांत गाजलेले वर्ष १९८४. पहिल्या पाळीसाठी नाणेफेक झाली. ती ह्यूस्टनने जिंकून हकीम ओलाजुवान हा सेंटर घेतला. पोर्टलँडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी निवडला, आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. जॉर्डनने पुढे सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. लोक आजही पोर्टलँडला हसतात. पण न्यायाने पाहा: जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर त्यांच्याकडे आदल्याच वर्षी आला होता. उणीव होती ती सेंटरची. चूक झाली ती रिकामी जागा पाहून माणूस निवडण्यात.

बोवीचा पाय कॉलेजात असतानाच मोडला होता आणि त्यापायी त्याचे दोन हंगाम वाया गेले होते. पोर्टलँडच्या डॉक्टरांनी त्याला कित्येक तास तपासले. पुढे २०१२ साली एका माहितीपटात बोवीने सांगितले की, डॉक्टर नडगीवर हातोडी मारीत तेव्हा आतून दुखत होते, तरी आपण काही होत नाही असे म्हणालो. पाच हंगामांच्या ४१० सामन्यांपैकी पोर्टलँडसाठी तो १३९ खेळला.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो. आमच्याच भागातील एका कारखान्यात पाठीचे दुखणे लपवून हमालीच्या खात्यात लागलेला एक पोरगा आम्हांला आठवला. तपासणीच्या वेळी त्यानेही ‘काही नाही साहेब’ असेच सांगितले होते. घरी खाणारी पाच तोंडे होती. दोन वर्षांत तो अंथरुणाला खिळला, आणि व्यवस्थापनाने त्यालाच खोटारडा ठरविले. बोवीला तरी कराराचे पैसे मिळाले. आमच्या पोराला हिशेब मिळाला.

२००७ साली तोच खेळ पुन्हा झाला. पहिल्या पाळीला ग्रेग ओडन आला. पहिल्या हंगामाआधीच गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पाच हंगामांत तो ८२ सामने खेळला, म्हणजे नेमके एका हंगामाचे. दुसऱ्या क्रमांकाचा केव्हिन ड्युरांट २०१४ साली लीगचा सर्वोत्तम ठरला.

उलट, १९९० आणि १९९२ साली अंतिम फेरी गाठणाऱ्या पोर्टलँडचा सेंटर केव्हिन डकवर्थ हा दुसऱ्या संघाने १९८६ साली ३३ व्या क्रमांकावर घेतलेला आणि अदलाबदलीत आलेला होता. लिथुआनियाचा आर्विडास साबोनिस त्याच वर्षी २४ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि नऊ वर्षांनी, १९९५ साली, संघात आला. डेन्व्हरचा निकोला योकिच तर २०१४ साली ४१ वा होता. पहिली पाळी म्हणजे पहिला माणूस नव्हे, हे यावरून उघड आहे.

सात फुटी शरीराचा भार पायांच्या हाडांवर पडतो, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाची उंची फुटपट्टीने मोजता येते. हाड किती वर्षे टिकेल हे मोजता येत नाही. तेव्हा नुसती तपासणी कडक करून भागणार नाही. खरे सांगितले तर भाकरी जाते, असे जोवर उमेदवाराला वाटते तोवर तो खरे सांगणार नाही. दुखणे सांगणाऱ्याला हलके काम, उपचार आणि पगाराची हमी मिळाली, तर डॉक्टरलाही खरे कळेल आणि मालकालाही. आमच्या मागण्यांच्या यादीत हे कलम दर वर्षी असते. पुढच्या वाटाघाटीत ते मांडताना आम्ही बोवीचेही नाव घेणार आहोत.